मोंतोने : टायबरच्या वरच्या खोऱ्यातलं एक गाव

डोंगरवाट

नमस्कार मंडळी,

इटलीच्या उंब्रिया प्रांतातल्या मोंतोने या गावाबद्दल मराठीत नीट वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा. मी कामानिमित्त उंब्रियातल्याच पेरूजा शहरात राहते. तिथून उत्तरेला टायबर नदीच्या कडेने गेलं की उंबेर्तिदे नावाचं मध्यम आकाराचं गाव लागतं आणि त्याच्या पुढे, कार्पिना ओढ्याच्या वरच्या टेकडीवर, तटबंदीच्या आत मोंतोने. उंची समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आतबाहेर. आजूबाजूच्या वाड्यावस्त्या धरून लोकसंख्या दीड हजाराच्या थोडी वर. तटाच्या आत राहणारे त्याहून बरेच कमी.

गावाला तीन वेशी आहेत : पोर्ता देल बोर्गो, पोर्ता देल मोंते आणि पोर्ता देल व्हेर्झिएरे. या वेशींवरूनच गावाचे तीन भाग पडले आहेत. त्यांना इथे रिओने म्हणतात. आपण आळी म्हणू, पण इथे आळीचा अभिमान भलताच प्रखर असतो. तुम्ही कुठल्या रिओनेचे हे लग्नाआधी, मतदानाआधी आणि जेवणाआधी विचारलं जातं. मधोमध फोर्तेब्राच्चो चौक. गावात राहणाऱ्यांचा दिवस तिथल्या बारमध्ये उभ्याने घेतलेल्या कॉफीने सुरू होतो. इटलीतला बार म्हणजे कॉफी, वर्तमानपत्र आणि गावभरच्या बातम्या. दुपारी दुकानं बंद होतात, गल्ल्या ओस पडतात. संध्याकाळी सगळे पुन्हा बाहेर येतात आणि तटाच्या कडेने फेऱ्या मारतात. तिथून खाली पूर्ण खोरं दिसतं.

ज्या फोर्तेब्राच्चोचं नाव चौकाला आहे, त्याच्याबद्दल सविस्तर लिहिलंच पाहिजे. आंद्रेआ फोर्तेब्राच्चो, प्रसिद्ध नाव ब्राच्चो दा मोंतोने, जन्म १३६८. त्याचं घराणं मोंतोनेचं सरदार घराणं. पेरूजातल्या गटबाजीत त्यांना देशोधडीला लागावं लागलं. त्या काळी इटलीतली शहरं युद्धासाठी करारावर सेनापती नेमत. असे सेनापती म्हणजे कोंदोत्तिएरी. ब्राच्चो त्यांच्यातला अव्वल निघाला. १४१४ मध्ये त्याला मोंतोनेचा काउंट केलं गेलं. जुलै १४१६ मध्ये त्याने सांत'एजिदिओच्या लढाईत कार्लो मालातेस्ताला हरवून पेरूजा ताब्यात घेतलं. ज्या शहराने घराण्याला हाकललं, त्याचाच तो धनी झाला. पुढच्या वर्षी काही आठवडे रोमसुद्धा त्याच्या ताब्यात होतं. पण त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट लढाईची नाही. त्रासिमेनो तलावाचं पाणी वाढून काठची शेतं बुडायची. त्यासाठी त्याने डोंगराखालून पाणी वाहून नेणारा बोगदा खोदवला.

१४२४ च्या जूनमध्ये लाक्विला शहराच्या वेढ्यात तो जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. असं सांगतात की त्याने नंतर अन्न घेतलं नाही आणि कोणाशी शब्द बोलला नाही. तीन दिवसांत गेला. पोप पाचव्या मार्तिनने त्याला रोममध्ये पवित्र न मानलेल्या जमिनीत पुरायला लावलं. काही वर्षांनी त्याच्या अस्थी पेरूजाला आणल्या गेल्या.

ब्राच्चोचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या नोकरीत तुर्कांशी लढला. परंपरा अशी की येशूच्या काटेरी मुकुटातला एक काटा त्याला व्हेनिसकडून मिळाला आणि १४७३ मध्ये त्याने तो आपल्या गावाला दिला. हाच तो 'सांता स्पिना', पवित्र काटा. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्याचं दर्शन घडवलं जातं. ऑगस्टमध्ये आठवडाभर गाव त्या दानाचा उत्सव करतं : मशाली, ढोल, पंधराव्या शतकातले पोशाख. तिन्ही रिओने एकमेकांना आव्हानं देतात, धनुर्विद्येच्या स्पर्धा होतात, रात्री प्रत्येक रिओने आपल्या भागात इतिहासातले प्रसंग उभे करते. जिंकणाऱ्या रिओनेची मुलगी कार्लोची पत्नी मार्गेरिता मालातेस्ता होऊन मिरवणुकीत चालते. मालातेस्ता म्हणजे ज्यांना सासऱ्याने रणात हरवलं होतं, त्याच घराण्याची लेक.

ब्राच्चोचा किल्ला मात्र उरला नाही. कार्लोचं पोपशी बिनसलं होतं. पोप चौथ्या सिक्स्तुसने १४७८ मध्ये किल्ला पाडून टाकला. टेकडीच्या माथ्यावर आता भिंतींचे अवशेष आहेत. पुढे गाव व्हितेल्ली घराण्याकडे, मग पोपच्या राज्यात आणि १८६० मध्ये एकीकरण होत असलेल्या इटलीत गेलं. त्या मधल्या काळात फार काही घडलं नाही, आणि माझ्या मते म्हणूनच गाव एवढं शाबूत राहिलं.

आता मराठी माणसाने इथे का यावं ते. दुसऱ्या महायुद्धात, टायबरच्या या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक (हा लष्करी हुद्दा) यशवंत घाडगे लढता लढता गेले. पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, तिसरी बटालियन. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला. जुलै २०२३ मध्ये मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी गावात त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं. ते एक सूर्यघड्याळ आहे. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.

ज्या गावाने आपला इतिहास पाचशे वर्षं अंगावर चढवून, चालून, बोलून जपला, त्याने एका कोकणी शिपायाला त्या आठवणीत जागा दिली. हे आपल्याकडे पोचायला हवं, म्हणून लिहिलं. इथल्या जाणकारांनी भर घालावी.

बखरवाचक

उत्तम धागा. ब्राच्चोची लढण्याची पद्धत काय होती? मी वाचलंय की इटलीत त्याच्या नावाने युद्धाचा एक संप्रदायच होता.

डोंगरवाट

@बखरवाचक, होय. त्या काळी दोन घराणी होती म्हणा ना, ब्राच्चोची आणि स्फोर्झाची. मुत्सिओ आत्तेंदोलो स्फोर्झा आणि ब्राच्चो तरुणपणी आल्बेरिको दा बार्बिआनोच्या फौजेत एकत्र होते. पुढे आयुष्यभराचे वैरी झाले. स्फोर्झा मोठी फळी एकदम पुढे ढकलायचा. ब्राच्चो फौजेच्या लहान तुकड्या करून त्या पाळीपाळीने लढाईत पाठवायचा. एक तुकडी लढते, दुसरी मागे दम घेते, घोड्यांना पाणी मिळतं. उन्हाळ्यातल्या लांबलेल्या लढाईत याचा फार उपयोग व्हायचा. सांत'एजिदिओची लढाई जुलैच्या उन्हातच झाली. १४२४ च्या जानेवारीत पेस्कारा नदी ओलांडताना स्फोर्झा बुडाला आणि सहा महिन्यांच्या आत ब्राच्चोही गेला. स्फोर्झाच्या मुलाला पुढे मिलान मिळालं. ब्राच्चोच्या घराण्याचं राज्य टिकलं नाही.

बखरवाचक

धन्यवाद. गनिमी काव्याशी तुलना करायचा मोह होतोय, पण करणार नाही. आपले सरदार वतनाला बांधलेले, हे कराराला बांधलेले. माणूस कशासाठी लढतोय त्यावर त्याची लढाई ठरते.

माणगावकर

डोंगरवाट ताई, डोळे भरून आले. मी माणगावचा. घाडग्यांचं गाव पळसगाव, आंब्रेगाची वाडी. माणगावात त्यांचा पुतळा आहे. येताजाता आम्ही सगळेच तो बघतो, शाळेत असताना हार घालायलाही गेलोय. पण ते नेमके कुठे गेले हे कधी कुणी नीट सांगितलं नाही. 'इटलीत' एवढंच. ते गाव कसं आहे, तिथे कोण राहतं, हे आज पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी काय झालं ते जरा लिहाल का?

डोंगरवाट

@माणगावकर, लिहिते. व्हिक्टोरिया क्रॉसच्या सन्मानपत्रात जे आहे तेवढंच लिहिते, पदरचं काही घालत नाही.

त्यांच्या कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला केला. घाडग्यांच्या सेक्शनवर, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या लहान तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले, उभे राहिले एकटे घाडगे. मागे कुणी नाही हे ठाऊक असूनही ते थेट मशीनगनवर धावले. हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा दोन्ही संपवले. टॉमी गनने आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून गन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारून संपवलं. त्यानंतर दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या. जे ठाणं एकट्याने घेतलं, त्याच ठाण्यात त्यांचा प्राण गेला.

रणवाटा

थोडी पार्श्वभूमी जोडतो. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रं खाली ठेवली, पण जर्मन फौज देशात होतीच. ४ जून १९४४ ला रोम पडलं, २० जूनला पेरूजा. जर्मन उत्तरेकडे गॉथिक लाइन या आपल्या संरक्षक फळीकडे सरकत होते, पण प्रत्येक टेकडी लढवत सरकत होते, कारण मागची तटबंदी पुरी व्हायला त्यांना वेळ हवा होता. टायबरच्या दोन्ही अंगांना डोंगर. इथे दहावी भारतीय डिव्हिजन पुढे आली. घाडग्यांची बटालियन त्याच डिव्हिजनमध्ये. रस्ते सुरुंगांनी भरलेले, पूल उडवलेले. त्यामुळे तोफा-रणगाड्यांपेक्षा पायदळाने रात्री डोंगर चढून कडे ताब्यात घेण्यावरच भर होता. कोकण-देशावरची पोरं यात तरबेज.

इटलीच्या मोहिमेत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन होत्या, पन्नास हजारांहून जास्त सैनिक. इटलीत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले ६ भारतीयांना. ५,७८२ भारतीय सैनिक तिथे मृत्युमुखी पडले. आणि आपल्या मराठ्यांचा आणखी एक : नामदेव जाधव, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. ते मात्र जिवंत परतले.

स्पष्टवक्ता

लेख चांगला आहे, पण एक प्रश्न मनापासून विचारतो. परक्या राजाच्या नोकरीत, परक्या देशात गेलेले हे लोक. इंग्रजांनी त्यांना तिथे नेलं. आता इटालियन स्मारक बांधतायत, त्याने आपण भारावून का जायचं? शिवाय ते पोशाखी उत्सव वगैरे पर्यटकांसाठी असतात. युरोपातली अशी बरीच गावं आता हॉटेलं झालीत.

रणवाटा

@स्पष्टवक्ता, राजा परका होता, माणसं आपली होती. भरती होण्यामागे दुष्काळ, जमिनीचे लहान तुकडे, घराण्याची रीत, सगळं होतं. त्यांचा मान राखला म्हणजे साम्राज्याचा मान राखला असं होत नाही. दिल्लीत व्हिक्टोरिया क्रॉस घ्यायला घाडग्यांची विधवा पत्नी गेली होती. त्या माउलीचं दुःख कोणत्या राजाचं मानायचं?

डोंगरवाट

@स्पष्टवक्ता, प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या भागाचं उत्तर देते.

मोंतोनेकडे ही लढाई बाहेरून आलेली बातमी नव्हती. २५ एप्रिल १९४४ ला दोस्तांच्या विमानांनी खालच्या उंबेर्तिदेतला टायबरवरचा पूल पाडायला बॉम्ब टाकले. ते वस्तीवर पडले आणि सत्तर माणसं गेली. जूनच्या अखेरीस जर्मनांनी जवळच्या निक्कोने खोऱ्यात पेनेतोलाच्या शेतघरात बारा जणांना मारलं, त्यात मुलंही होती. म्हणजे इथल्या लोकांनी दोन आठवडे आधी काय पाहिलं होतं, आणि मग डोंगरातून फेटेवाले, सावळे, अनोळखी भाषा बोलणारे सैनिक उतरले. म्हाताऱ्या माणसांकडून ते वर्णन पुढच्या पिढीत उतरलंय. स्मारक उभं राहिलं ते त्या आठवणीच्या ओलाव्यावर.

उत्सवाचं म्हणाल तर तिथे आलेल्या पाहुण्यांपेक्षा काम करणारे गावकरी जास्त दिसतात. पोशाख हिवाळ्यात शिवायला घेतात. आपली रिओने यंदा कोणता प्रसंग करणार हे दुसऱ्या रिओनेपासून लपवून ठेवतात, घरात दोन रिओनेची माणसं असली तर जेवताना विषय बंद. उत्सव ऑगस्टमध्येच का, तर कारखाने बंद असतात आणि मिलान-तोरिनोला गेलेली मुलं-नातवंडं तेव्हा घरी येतात.

माणगावकर

म्हणजे आमच्याकडे शिमग्याला चाकरमानी येतात तसंच!

डोंगरवाट

@माणगावकर, अगदी.

आणि गाव रिकामं होण्याबद्दल. ते खरं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. इथली शेती पिढ्यान्‌पिढ्या मेत्झाद्रिया पद्धतीची होती. जमीन मालकाची, राबणारं कुटुंब दुसऱ्याचं, पीक निम्मं निम्मं. आपल्याकडे अर्धेलीने शेती करायचे तीच गोष्ट. कुटुंब शेतातल्या दगडी घरात राहायचं, मालक गावात नाहीतर पेरूजात. युद्धानंतर या कुळांची पोरं कारखान्यांत गेली. १९६४ मध्ये कायद्याने असे नवे करार बंद झाले, पण तोवर शेतघरं ओस पडायला लागली होतीच. तीच घरं पुढे इंग्रज, जर्मन लोकांनी विकत घेऊन दुरुस्त केली. छपरं वाचली, हे चांगलं झालं. पण वर्षातले आठ-नऊ महिने खिडक्या बंद असतात आणि त्या घरातलं मूल गावच्या शाळेत येत नाही. गाव टिकवायचं तर तिथे नोकरी आणि शाळा लागते. या बाबतीत मोंतोने आणि पळसगाव यांचं दुखणं एकच आहे.

खवय्यी

किती गंभीर झालात सगळे :) जेवायला काय मिळतं ते सांगा की.

डोंगरवाट

@खवय्यी, आनंदाने!

तोर्ता अल तेस्तो. तेस्तो म्हणजे चुलीवर तापवायचा जाड गोल तवा. मैद्याची किंवा गव्हाच्या पिठाची जाड, गोल पोळी त्यावर भाजायची, मधून चिरायची आणि आत हॅम, चीज, नाहीतर परतलेली कडसर पालेभाजी भरायची. शाकाहारी लोकांनी भाजीचीच मागावी. पेरूजात तोर्ता, वर चित्ता दि कास्तेल्लो गावाकडे चाच्चा, गुब्बिओकडे क्रेशा, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. रोजचा पाव बिनमिठाचा. पहिले काही दिवस घशाखाली उतरत नाही. पोप तिसऱ्या पॉलने मिठावर कर वाढवला, १५४० मध्ये पेरूजाने बंड केलं, ते चिरडलं गेलं आणि तेव्हापासून लोकांनी पावात मीठ घालणं सोडलं, असं इथे प्रत्येक जण सांगतो. बंड खरं आहे. पावाचा त्याच्याशी संबंध इतिहासकार मानत नाहीत. पण खारवलेल्या मांसाबरोबर आणि नव्या ऑलिव्ह तेलाबरोबर तोच पाव चविष्ट लागतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्ह तोडणी. झाडाखाली जाळी अंथरतात, हातफणीने फळं ओढतात आणि शक्यतो त्याच दिवशी घाण्यावर नेतात. ताजं तेल हिरवंगार आणि घशाला झोंबणारं. ऑक्टोबर अखेरीला मोंतोनेत जंगलाचा उत्सव, फेस्ता देल बोस्को भरतो : अळंबी, ट्रफल, चेस्टनट, मध. वरच्या टायबर खोऱ्यातलं पांढरं ट्रफल प्रसिद्ध आहे. ते शोधणारे पहाटे कुत्रा घेऊन निघतात आणि आपली जागा सख्ख्या भावालाही सांगत नाहीत.

खालच्या सपाटीवर तंबाखूची शेतं. चित्ता दि कास्तेल्लोमधल्या तंबाखू वाळवायच्या प्रचंड गोदामांत आता चित्रकार आल्बेर्तो बुर्रीचं संग्रहालय आहे. मोंतोनेला येणाऱ्याने तेही बघावं.

रंगरेषा

चित्रांचा विषय निघालाच आहे तर गावातल्या सान फ्रान्चेस्को चर्चबद्दल लिहा ना. तिथे कापोरालीचं काम आहे असं ऐकून आहे.

डोंगरवाट

@रंगरेषा, चर्च चौदाव्या शतकातलं, आता मठासकट नगरपालिकेचं संग्रहालय. बार्तोलोमेओ कापोरालीने १४८२ मध्ये रंगवलेलं निशाण तिथे आहे. प्लेग आला की असं निशाण खांद्यावर घेऊन गावातून मिरवत. मारिया आपला झगा पसरून उभी आहे आणि त्याखाली सगळं गाव आसरा घेतंय. खाली मोंतोनेचंच चित्र आहे, तट, बुरुज सगळं. किल्ला पाडल्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती. इथे उभं राहिल्यावर मला नेहमी वाटतं की या लोकांना आपलं गाव चित्रात सुरक्षित बघायची किती गरज असेल.

दुसरी वस्तू तेराव्या शतकातली लाकडी मूर्तींची. येशूला क्रूसावरून उतरवतानाचा प्रसंग. चेहरे इतके साधे की त्यांच्यापुढून लवकर हलवत नाही. मठातच पूर्व आफ्रिकेतल्या वस्तूंचा एक लहान संग्रहही आहे, नाव 'बोलका ढोल'.

चित्रपटवेडा

जुलैत तिथे चित्रपट महोत्सव असतो ना? दिग्दर्शक टेरी गिलियम त्याच्याशी जोडलेले आहेत.

डोंगरवाट

@चित्रपटवेडा, हो, उंब्रिया फिल्म फेस्टिव्हल. फोर्तेब्राच्चो चौकातच पडदा लावतात. गावातल्या आजीबाई घरच्या खुर्च्या घेऊन येतात.

माणगावकर

ताई, शेवटचा प्रश्न. आमच्याकडची काही मंडळी जाऊन यायचं म्हणतायत. घाडग्यांची समाधी किंवा थडगं तिथे आहे का? हार घालायचा आहे.

डोंगरवाट

@माणगावकर, थडगं नाही. त्यांचं नाव कास्सिनोच्या स्मारकावर कोरलंय, रोमच्या दक्षिणेला, मोंते कास्सिनोच्या पायथ्याशी कॉमनवेल्थ दफनभूमीत. ज्यांचं थडगं ज्ञात नाही अशांची नावं तिथे आहेत. मोंतोनेच्या उत्तरेला आरेत्सोच्या दफनभूमीतही बरेच भारतीय सैनिक आहेत. ज्यांचं दहन झालं त्यांच्यासाठी तिथे वेगळं स्मारक आहे, त्यावर आपली नावं सापडतील.

मार्ग असा धरा : रोमला उतरा, आधी कास्सिनो करा, तिथे रेल्वेने जाता येतं. मग पेरूजाला या. पेरूजाहून उंबेर्तिदेकडे जुनी लहान रेल्वे आहे, पण तिचे काही भाग अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. उंबेर्तिदेहून वर मोंतोनेला गाडी लागेल. गाडी तटाबाहेर ठेवून वेशीतून पायी आत जायचं. १० जुलैच्या आसपास आलात तर ऊन फार असतं, म्हाताऱ्या माणसांना सकाळीच वर न्या. नगरपालिकेला आधी पत्र पाठवा, कोण येतंय ते कळवा. हवं तर पत्र इटालियनमध्ये मी लिहून देते, व्यक्तिगत निरोपात मजकूर पाठवा.

माणगावकर

आजच पाठवतो ताई. वाडीतल्या दोन घरांशी बोलून नावं कळवतो.